बदलापूरच्या थंडीत चार्जिंगला लावलेल्या गाडीची तार बाबासाहेबांच्या टेबलापर्यंत कशी जाते?

जानेवारी आला की बदलापूरकरांची कॉलर ताठ होते. मुंबईत लोक पंखा एक नंबरवर ठेवून थंडी साजरी करत असतात, तेव्हा इकडं पारा दहा-बाराच्या घरात गेलेला असतो. मुंबई महानगर प्रदेशात सगळ्यात थंड कोण, या स्पर्धेत बदलापूरचं नाव कायम वर असतं. मग तापमानाचे स्क्रीनशॉट अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या ग्रुपवर फिरायला लागतात.

गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या चर्चेची भर पडलीय. थंडीत इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत नाही म्हणे. आणि उद्या सगळ्यांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर ग्रीडच बसणार म्हणे.

यातली पहिली गोष्ट कुठून आली ते सांगता येतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत कडाक्याची थंडी पडली आणि चार्जिंग स्टेशनवर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. दुसरी गोष्ट मात्र थोडी खोलात जाऊन बघावी लागते. त्यासाठी ग्रीड म्हणजे काय, आणि आपल्याकडं ती असावी असं कुणाच्या डोक्यात आलं, इथपर्यंत मागं जावं लागतं. तिथं गेल्यावर जो माणूस भेटतो त्याचा फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतो. पण त्याचं नाव विजेशी कुणी जोडत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

संविधान, महाड, चवदार तळं, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण १९४२ ते १९४६ ही चार वर्षं बाबासाहेब देशाच्या वीज खात्याचा कारभार बघत होते, हे शाळेच्या पुस्तकात सहसा एका ओळीच्या पुढं जात नाही. आज गोष्ट त्या चार वर्षांची.

सुरुवात अर्थातच त्याआधीची.

१४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत जन्म. वडील रामजी सकपाळ सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्यात शाळा, आणि मग कुटुंब मुंबईत परळला आलं. डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, भांडी, धूर, माणसं. अभ्यासाला जागा म्हणून नाही. मग वडील भीमरावाला लवकर झोपवायचे आणि पहाटे दोनला उठवायचे. सगळी चाळ झोपलेली असताना काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यावर हा मुलगा वाचायचा.

पुढं १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए., १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ.

ते न्यूयॉर्कला असतानाच इकडं परळमध्ये एक मोठी गोष्ट घडली. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, ते मोठ्या नळांमधून खाली सोडायचं, त्यावर जनित्र फिरवायचं आणि तयार झालेली वीज तारेवरून परळला आणून गिरण्यांना द्यायची. कोळशाच्या धुराड्यांवर चालणाऱ्या गिरण्या विजेवर फिरायला लागल्या. १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरीला दुसरं केंद्र आलं. आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी तिथं वीज तयार करतं आणि मग उल्हास नदीत सोडलं जातं. तेच पाणी वाहत बदलापूरच्या बंधाऱ्याशी येतं आणि आसपासच्या शहरांच्या नळाला जातं. म्हणजे बदलापूरकर जे पाणी पितात त्यातल्या बऱ्याच पाण्यानं आधी वीज तयार करून दिलेली असते. एकाच पाण्याची दोन कामं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्राचे. १९१८ साली त्यांनी भारतातल्या छोट्या शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे पडलेत म्हणून शेतकरी गरीब आहे, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेबांनी उलटा विचार मांडला. एका जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं जगतायत, हे खरं दुखणं. तुकडे जोडून ते जाणार नाही. जास्तीच्या माणसांना शेतीबाहेर काम मिळालं पाहिजे, म्हणजे कारखाने आले पाहिजेत. हे लिहिणारा माणूस तेव्हा २७ वर्षांचा होता. पण २५ वर्षांनी विजेबद्दल त्यांनी जे मांडलं त्याचं बी याच निबंधात आहे.

लंडनला १९२० ते १९२३ मध्ये ते दुसऱ्यांदा शिकत होते. तेव्हाच्या लंडनची वीज म्हणजे नुसता गोंधळ. एकाच शहरात डझनावारी वीज कंपन्या, प्रत्येकीचा दाब वेगळा. एका भागातलं यंत्र दुसऱ्या भागात नेलं तर चालेलच याची खात्री नाही. शेवटी १९२६ साली ब्रिटिश संसदेनं कायदा करून एक केंद्रीय वीज मंडळ नेमलं. चांगली वीज केंद्रं निवडायची, ती एकमेकांना उंच मनोऱ्यांवरच्या तारांनी जोडायची, सगळीकडं एकच फ्रिक्वेन्सी ठेवायची. या जाळ्याला नाव पडलं ग्रीड.

ग्रीड म्हणजे सोप्या भाषेत काय? गावजेवणाची पंगत. प्रत्येकानं आपापल्या घरी स्वयंपाक केला तर प्रत्येकाला मोठं पातेलं लागतं, आणि एखाद्याचा भात करपला तर तो उपाशी राहतो. सगळ्यांनी मिळून केला तर एकाची चूल विझली तरी पंगत उठत नाही. फक्त एक अट असते. वीज साठवून ठेवता येत नाही, निदान स्वस्तात नाही. ज्या क्षणी ताटात वाढायची त्याच क्षणी ती शिजलेली पाहिजे. मागणी आणि उत्पादन यांचा तोल क्षणाक्षणाला सांभाळावा लागतो. तो जरा कलला की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते, जास्त कलला की यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतात.

परत बाबासाहेबांकडं येऊ. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहानंतर थोड्याच आठवड्यांनी ते बदलापूरला आले होते. निमित्त होतं शिवजयंती उत्सवाचं, आणि अध्यक्षस्थानी होते बाबासाहेब. महाडला पाण्यावरून डोकी फुटली होती, आणि इकडं बदलापूर त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावत होतं. त्या वर्षी बदलापूरवरून जाणाऱ्या गाड्या कोळशाच्या इंजिनावर धावत होत्या. दोन-तीन वर्षांत, १९२९-३० च्या सुमारास, कल्याण ते पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं. त्यासाठी रेल्वेनं ठाकुर्लीजवळ चोळ्याला स्वतःचं वीजघर बांधलं. तेव्हा इलेक्ट्रिक वाहन या भागाला नवीन आहे असं कुणी म्हणालं तर मानू नका. अंबरनाथ-बदलापूरकर जवळपास शंभर वर्षं इलेक्ट्रिक गाडीनं प्रवास करतायत. फक्त तिला बॅटरी नाही, ती तारेतून थेट वीज घेते.

पण इथंच त्या काळची मेख दिसते. टाटांची वीज वेगळी, रेल्वेची वेगळी. मुंबई उजळलेली आणि तारेखालची गावं अंधारात. कंपनी तार तिथं नेणार जिथं गिऱ्हाईक आहे. यात कंपनीचा दोष काढण्यात अर्थ नाही, धंदा तसाच चालतो. प्रश्न असा होता, की देशाची वीज धंद्याच्या हिशोबानं वाढवायची की आणखी कशाच्या?

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. मजूर म्हणजे फक्त कामगारांचे प्रश्न असं नव्हे. या खात्याच्या पोटात वीज, पाटबंधारे, खाणी, सरकारी बांधकाम हे सगळं होतं. जग युद्धात होतं. आज जिथं उल्हासनगर आहे तिथं तेव्हा लष्कराची कल्याण छावणी उभी होती, ओळीनं बराकी. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळालं.

युद्धकाळातली वीज मुख्यतः कोळशाची, आणि कोळशाचा तुटवडा. खाणीत माणसं कमी पडत होती. तेव्हा सरकारनं १९४३ मध्ये एक निर्णय घेतला. स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करायला बंदी होती, ती उठवली. खातं बाबासाहेबांचं. आयुष्यभर कामगारांची बाजू घेतलेल्या माणसाला विधिमंडळात उभं राहून या निर्णयाची बाजू मांडावी लागली आणि टीका ऐकावी लागली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद-झरियाच्या पट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या घरांमध्ये जाऊन पाहिलं. बंदी पुन्हा लागू झाली ती १९४६ मध्ये, युद्ध संपल्यावर. बाबासाहेबांवरच्या कौतुकाच्या पोस्टमध्ये हा भाग सहसा नसतो. तो असायला हवा, कारण दिवा लागतो तेव्हा खाली कुणीतरी कोळसा काढत असतं, हे त्यांनी कागदावर नाही तर खाली उतरून पाहिलं होतं. १९४६ मध्येच कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले, तेही याच खात्याचं काम.

आता मुख्य प्रसंग. युद्धानंतर देश कसा उभा करायचा, यासाठी सरकारनं वेगवेगळ्या धोरण समित्या नेमल्या होत्या. त्यातली सार्वजनिक बांधकाम आणि वीज या विषयाची समिती बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला तिची पहिली बैठक झाली.

या बैठकीत त्यांनी मांडलेली भूमिका आजही वाचावी अशी आहे. त्यांनी वीज म्हणजे काय हे सांगण्यात वेळ घालवला नाही. प्रश्न विचारले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर लोकांचं हित सांभाळण्यासाठी तिच्यावर कोणत्या अटी हव्यात? केंद्रानं वाढवायची की प्रांतांनी? आणि ती भरपूर आणि स्वस्त मिळावी, वाया जाऊ नये, यासाठी कोणती व्यवस्था सगळ्यात चांगली? मग १९१८ च्या निबंधातला धागा त्यांनी पुन्हा उचलला. देश गरीब आहे कारण सगळा भार शेतीवर आहे. सुटका उद्योगात आहे. उद्योगाला वीज लागते. आणि ती नुसती असून चालत नाही, स्वस्त लागते. वीज महाग असेल तर कारखाने येणार नाहीत, आणि कारखाने आले नाहीत तर शेतीवरची गर्दी हटणार नाही. वीज त्यांच्यासाठी सोय नव्हती, गरिबीवरचं औषध होतं.

पुढच्या दोन वर्षांत कामाचा वेग बघा. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. देशभरातल्या विजेच्या शक्यतांचा अभ्यास करणं, प्रांतांना आराखडे करून देणं हे त्याचं काम. १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयनाचा केंद्रीय आयोग आला, अध्यक्ष अ. ना. खोसला. या दोन संस्थांची नावं आणि रचना पुढं बदलत गेल्या. आजचं केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग हे त्यांचेच वारस.

त्याच काळात दामोदर नदीचा प्रश्न आला. १९४३ च्या पुरात दामोदरनं बंगालमध्ये हाहाकार उडवला होता, कोलकात्याकडं जाणारा रस्ता आणि रेल्वे तुटली होती. जुना उपाय म्हणजे बांध घालून पाणी अडवा आणि लवकर समुद्रात घालवा. बाबासाहेबांनी हा विचारच मोडीत काढला. त्यांचं म्हणणं होतं की पाणी ही आपत्ती नाही, संपत्ती आहे. ते साठवा, त्याच पाण्यानं पूर थांबवा, शेती भिजवा, होड्या चालवा आणि वीज काढा. भिवपुरीचं पाणी आठवा. तिथं ते एका कंपनीच्या सोयीनं झालं होतं, इथं अख्ख्या नदीच्या खोऱ्यासाठी ठरवून करायचं होतं. नमुना अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा, आणि तिथलेच अभियंते वूर्डइन यांना बोलावून आराखडा करून घेतला. ३ जानेवारी १९४५ ला कोलकात्यात बंगाल आणि बिहार या दोन्ही सरकारांना एका टेबलावर बसवण्यात आलं. दामोदर खोरे महामंडळ १९४८ मध्ये स्थापन झालं. महानदीवर हिराकूडचं धरण झालं, त्याआधीची बैठकही १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये कटकला त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारताची ग्रीड बाबासाहेबांनी बांधली, असं लिहिलेल्या पोस्ट दर १४ एप्रिलला फिरतात. ते खरं नाही, आणि बाबासाहेबांना त्याची गरजही नाही. तारा अभियंत्यांनी आणि मजुरांनी ओढल्या, त्याला अनेक दशकं लागली. १९४८ चा वीज पुरवठा कायदा झाला तेव्हा ते कायदा मंत्री होते, वीज खातं काकासाहेब गाडगीळांकडं होतं. बाबासाहेबांनी जे केलं ते वेगळं. वीज ही सुट्या कंपन्यांची सुटी सुटी मालमत्ता नसून एकत्र आखून वाढवायची सार्वजनिक गोष्ट आहे, हे सरकारी धोरण म्हणून त्यांनी मांडलं आणि ते राबवणाऱ्या संस्था उभ्या केल्या. १९४८ च्या कायद्यातली राज्य वीज मंडळं त्याच विचारातून आली. १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनातही त्यांनी महत्त्वाचे उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असंच सुचवलं होतं. आणि संविधानात वीज हा विषय समवर्ती सूचीत, ३८ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचीही जबाबदारी.

त्या वेळची परिस्थिती समजून घ्यायला एक आकडा पुरेसा आहे. १९४७ अखेर देशाची वीजनिर्मिती क्षमता होती १,३६२ मेगावॅट. आज एकट्या कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले. महाराष्ट्र राज्य आल्यावर २० जून १९६० ला आपलं वीज मंडळ सुरू झालं, ज्याची २००५ मध्ये महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशी वाटणी झाली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मीटरवर येणारी वीज महावितरणची. आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रीड, एकच फ्रिक्वेन्सी. शेवटची गाठ बसली ती आपल्या सोलापुरात.

एकत्र जाळ्याची दुसरी बाजूही याच भागानं पाहिली आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या व्यवस्थेत बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एका झटक्यात बंद पडली. लोकल जिथं होत्या तिथं थांबल्या. मोठं जाळं एकमेकांना सांभाळतं, पण त्याच्या नेमक्या गाठी कमजोर असतील तर एकाचा धक्का सगळ्यांना बसतो.

तर आता मूळ प्रश्न. थंडीत इलेक्ट्रिक गाड्यांनी ग्रीड बसेल का?

आधी बॅटरी. लिथियम बॅटरीच्या आत एक द्रव असतो, त्यातून लिथियमचे कण इकडून तिकडं जातात. थंडीत हा प्रवास मंदावतो. शून्याच्या खाली जोरात चार्ज केलं तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातूचा थर बनून वरच साचतं आणि बॅटरी कायमची खराब होऊ शकते. म्हणून गाडीतला संगणक चार्जिंगचा वेग कमी करतो, आधी बॅटरी गरम करतो, त्यासाठी वेगळी वीज खर्च होते. गाडीतला हीटरही त्याच बॅटरीवर. म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त युनिट, आणि प्रत्येक गाडी चार्जरवर जास्त वेळ. शिकागोच्या रांगा यातूनच लागल्या. पण नॉर्वे बघा. तिथं २०२४ मध्ये विकलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, थंडी शिकागोला लाजवेल अशी, तरी ग्रीड उभी आहे. कारण वीज बहुतेक सगळी धरणांची, घरं आधीपासूनच विजेवर गरम होतात म्हणून तारा जाड, आणि बरेच लोक रात्री घरी चार्ज करतात.

बदलापूरची दहा-बारा अंशांची थंडी बॅटरीला फारशी जाणवतही नाही. फास्ट चार्जिंग पहाटे किंचित हळू होईल, इतकंच. आपल्या कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला तर थंडी आवडते, कारण त्यातलं तेल गार राहतं. तो वैतागतो ते एप्रिल-मेमध्ये.

आपल्याकडं हिवाळ्यातली खरी अडचण थंडीची नाही, घड्याळाची आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर भरभरून येणारी सौर वीज त्याच तासात शून्यावर येते. आणि नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. सात-आठला लोकलनं माणसं घरी पोचतात आणि गाडी चार्जिंगला लावतात. सकाळी सहा ते नऊ गिझरची वेळ. त्यात रब्बीचे पंप. ते आता सौर वाहिन्यांमुळं बरेचसे दिवसा चालायला लागलेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. संध्याकाळची ही उडी भरून काढायला कोयनेसारखी धरणं कामाला येतात, कारण पाण्यावरची जनित्रं काही मिनिटांत सुरू होतात. औष्णिक केंद्राला ते जमत नाही. एका नदीच्या पाण्याची अनेक कामं आखून करायची, हा १९४५ मधला विचार इथं रोज संध्याकाळी उपयोगी पडतो.

देशाच्या ग्रीडला उल्हासनगरच्या गाड्यांची भीती नाही. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला आहे. हिशोब करून बघा. समजा एका सोसायटीला ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. ४० गाड्या ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर एकाच वेळी लागल्या तर १३२ किलोवॅट. त्याच ४० गाड्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर लागल्या तर २८८. म्हणजे बाकी कुणाचा फ्रिज न धरताच ट्रान्सफॉर्मर जवळपास भरला. पण रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दिवसाला चार-पाच युनिटच लागतात. त्या गाड्या रात्री अकरा ते सकाळी सहा अशा आळीपाळीनं चार्ज झाल्या तर तोच ट्रान्सफॉर्मर आरामात पुरतो. स्कूटरची बॅटरी तर तीनेक युनिटची, तिचा भार गिझरपेक्षा कमी.

यात सगळ्यात अडचणीत कोण येतं? ज्याच्याकडं पार्किंग आहे, स्वतःचा मीटर आहे, तो नाही. उल्हासनगरच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, खाली गाडी लावायला जागा नसलेला स्कूटरवाला किंवा रिक्षावाला. त्याला बाहेरच्या चार्जरवर घरच्यापेक्षा जास्त दर मोजावा लागतो. वीज स्वस्त मिळायची असेल तर कुणाला, हा १९४३ मधला प्रश्न आता दरवर्षी नव्या स्वरूपात राज्य वीज नियामक आयोगापुढं येतो. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट सवलत मिळतेय, कारण तेव्हा सौर वीज भरपूर असते.

पण सकाळी ९ ते ५ बदलापूरकराची स्कूटर घरी नसते. ती असते स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये, आणि मालक असतो सीएसएमटीला. तिथं शेकडो दुचाकी दिवसभर उन्हात उभ्या असतात, स्वस्त वीज डोक्यावरून वाहत असते, आणि सात वाजता घरी जाऊन सगळ्या एकदम प्लगला लागतात. स्टेशनच्या पार्किंगमध्ये साधे पंधरा अँपिअरचे प्लग आणि मीटर बसवले, तरी हिवाळ्यातल्या संध्याकाळचा बराच भार दुपारी सरकेल. त्याला ७६५ केव्हीची लाइन लागत नाही. नगरपालिका, रेल्वे आणि महावितरण एका टेबलावर बसायला लागतात.